आम्ही तर १९६५ नंतर आलो, आमचा काय संबंध?

रारिटनकाठचा

आमच्या गावात (मध्य न्यू जर्सी, नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील) सध्या एकाच विषयावर रणकंदन चालू आहे. बंद पडलेल्या ऑफिस पार्कच्या जागेवर अपार्टमेंट्स येणार आहेत आणि त्यातली काही 'अफोर्डेबल', म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशी, असतील. प्लॅनिंग बोर्डाच्या मीटिंगला एरवी काळं कुत्रं फिरकत नाही, यावेळी उभं राहायला जागा नव्हती. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, आणि माइकपुढच्या रांगेत निम्मे आपले देशी. ट्रॅफिक झालं, शाळेवरचा ताण झाला, पाणी तुंबणं झालं. मग एक काका उठले आणि म्हणाले, आम्ही कष्ट करून इथवर आलो, त्या लोकांनीही करावेत. टाळ्या पडल्या. नंतर पार्किंगमध्ये मी त्यांना विचारलं, "ते लोक म्हणजे कोण हो काका?" तर म्हणे, "अरे, तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

कळलं, म्हणूनच हा धागा.

'व्हाइट प्रिव्हिलेज' (गोरेपणामुळे न मागता मिळणारे फायदे) म्हटलं की गोरा शेजारी म्हणतो, माझ्या आजोबांनी गुलाम ठेवले नव्हते. आपण म्हणतो, आम्ही तर १९६५ नंतर, त्या वर्षीच्या कायद्याने दार उघडल्यावर आलो. दोन्ही खरं आहे. पण हा प्रश्न पापाचा आहे असं आपण परस्पर ठरवून टाकलंय. माझ्या मते तो हिशेबाचा आहे.

ही संज्ञा घरोघरी पोचली ती पेगी मॅकिन्टॉश यांच्या १९८०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या निबंधामुळे. त्यात रोजच्या सोयींची यादी आहे: आपल्या कातडीच्या रंगाचं बँडेज सहज मिळणं वगैरे. खरं सांगतो, ती बँडेजवाली बाजू मला कधी फारशी भिडली नाही. मला घराची बाजू भिडते, कारण ती डॉलरमध्ये मोजता येते.

१९३०च्या दशकात सरकारी 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन'ने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा, निळा, पिवळा आणि 'धोक्याचा' लाल. काळ्या लोकांची वस्ती असली की बहुतेक लाल. १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जांना सरकारी हमी दिली. थोडं डाउन पेमेंट आणि लांब मुदतीचे हप्ते ही आपल्याला आज निसर्गनियम वाटणारी गोष्ट तेव्हा घरोघरी पोचली. पण त्यांच्या नियमपुस्तिकेतच लिहिलं होतं की वस्ती स्थिर राहायला हवी तर तिथे एकाच सामाजिक आणि वांशिक वर्गाचे लोक राहिले पाहिजेत. मग दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चं जीआय बिल आलं. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या उपनगरांत त्या योजनेखाली हमी मिळालेल्या ६७,००० कर्जांपैकी गोरेतरांना मिळाली शंभराहूनही कमी. युद्धावर सगळेच गेले होते.

ज्यांना घर मिळालं त्यांच्या घराची किंमत वाढली. त्यावर मुलं कॉलेजला गेली, नातवंडांना डाउन पेमेंट मिळालं. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती २,८५,००० डॉलर आणि काळ्या कुटुंबाची ४४,९०० डॉलर निघाली. पगारातला फरक इतका मोठा नाही. एवढी दरी पगारातून पडत नाही, वारशातून पडते.

आता आपण. मी घर घेतलं तेव्हा टायटल कंपनीने जुन्या कागदांचा गठ्ठा दिला होता. कोण वाचतो? क्लोजिंगच्या दिवशी सह्या करून करून हात दुखतो. टाळेबंदीत रिकामपणी चाळला. मूळ प्लॉटिंगच्या अटींमध्ये कुंपणाची उंची, कोंबड्या पाळायला बंदी, आणि त्यांच्याच खाली एक ओळ: कॉकेशियन वंशाखेरीज इतर कोणी या जागेत राहू नये, घरनोकर वगळता. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा अटी कोर्टातून राबवता येणार नाहीत असं ठरवलं (शेली विरुद्ध क्रेमर) आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टनंतर त्या पूर्ण बेकायदा झाल्या. कागदावर मात्र ओळ तशीच आहे. त्या अटीनुसार मीही या घरात फक्त भांडी घासायलाच येऊ शकलो असतो. पण त्या अटीने या भागाला जी किंमत आणली, ज्या शाळा आणल्या, त्यांच्यासाठीच तर मी इथे घर घेतलं.

म्हणून माझा मुद्दा एवढाच. आमच्या गावाने शाळेच्या इमारतीसाठी मी यायच्या कितीतरी आधी कर्जरोखे काढले होते. त्याचे हप्ते मी प्रॉपर्टी टॅक्समधून भरतो. "मी तेव्हा नव्हतो" असं टॅक्स कलेक्टरला सांगून पाहा. गावात राहायला आलो की गावाची येणी आणि देणी दोन्ही आली. येणी आपण मिटक्या मारत घेतो.

तिरकस_तात्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. प्रतिसादांची शंभरी नक्की.

टॅक्सभरू

धागाकर्ते, लिहिता छान, पण पटलं नाही.

मी एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आलो. ग्रीन कार्डच्या रांगेत दशकभराहून जास्त काळ उभा आहे, कारण एका देशाला सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत. नोकरी गेली तर साठ दिवसांत नवी शोधा, नाहीतर बोऱ्याबिस्तरा. मुलगी एकवीसची झाली की तिचं काय, या विचाराने झोप उडते. मला मतदानाचा अधिकारही नाही. आणि तुम्ही म्हणता मी प्रिव्हिलेजचा वाटेकरी? १९८७ मध्ये याच न्यू जर्सीत डॉटबस्टर्स म्हणवणाऱ्या टोळक्याने कुंकू लावणाऱ्या बायकांना लक्ष्य केलं. होबोकनमध्ये नवरोझ मोदींना मार खाऊन जीव गमवावा लागला. तेव्हा आमच्या वाट्याला कोणता हिशेब आला होता?

आणि वेस्ट व्हर्जिनियात खाणी बंद पडल्यावर वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने मरणाऱ्या गोऱ्या माणसाला जाऊन सांगा, तू प्रिव्हिलेज्ड आहेस म्हणून.

शिकागोकर_ताई

टॅक्सभरू, तुमची रांग खरी आहे आणि ती अन्यायाचीच आहे. पण तुमच्याबाबत एक अन्याय होतोय म्हणजे दुसरीकडे फायदा होतच नसेल, असं कुठे आहे? एकाच माणसाच्या खात्यात जमा आणि नावे दोन्ही असतात.

खाणीतल्या माणसाचं म्हणाल, तर हा शब्द सुखाबद्दल नाहीच. तो गरीब आहे, पण त्याच्या गरिबीच्या कारणांत त्याची कातडी नाही, एवढंच या शब्दाचं म्हणणं. हे कॉलेजातली मुलं त्या माणसाच्या तोंडावर ज्या थाटात फेकतात, त्याने कोणाचंही डोकं फिरेल हे मात्र मान्य.

धागाकर्त्यांच्या कर्जरोख्यांच्या मुद्द्याला आमच्याकडचं उदाहरण जोडते. शिकागोला लागूनच इव्हान्स्टन आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे तिथे, गर्भश्रीमंत दिसतं. त्यांच्या नगरपरिषदेने २०१९ मध्ये ठरवलं आणि २०२१ मध्ये सुरू केलं: १९१९ ते १९६९ या काळात गावात राहिलेल्या काळ्या रहिवाशांना किंवा त्यांच्या वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर. पैसा गांजाच्या विक्रीवरच्या स्थानिक करातून. पहिल्या फेरीत सोळा जणांची निवड झाली. रक्कम त्या मानाने किरकोळच, आणि विरोधात कोर्टात दावाही आहे. मला आवडलं ते असं की त्यांनी 'अमेरिकेचा इतिहास' वगैरे गप्पा मारल्या नाहीत. आमच्या गावाने, आमच्या झोनिंगने (कुठे काय आणि केवढं बांधायचं ते ठरवणाऱ्या नियमांनी), आमच्या बँकांनी काय केलं एवढंच काढलं. देणं गावाचं, म्हणून गावाने द्यायचं. आज तिथे राहणारे कोरियन, भारतीय, पोलिश कुठून आले, हा प्रश्नच त्यात येत नाही.

जुनी_पोथी

१९६५ चा उल्लेख आला म्हणून थोडं. १९४६ नंतर भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला शंभराचा कोटा होता. शंभर! तो मोडला १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेवरच आला. १९६४ चा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट, १९६५ चा मतदान हक्काचा कायदा आणि त्याच वर्षी हा. मिसिसिपीत, अलाबामात लोकांनी डोकी फोडून घेतली, त्याचा व्हिसा आपल्याला मिळाला. त्यामुळे "आम्ही १९६५ नंतर आलो" हे आपल्या बाजूचं वाक्य नाही, उलट बाजूचं आहे.

आणि त्याआधी जे आले ते काय करत होते? भगतसिंग थिंड. अमेरिकन सैन्यात होते. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टात त्यांच्या वकिलांनी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व देणारा कायदाच अन्यायाचा आहे असं म्हटलं नाही. उच्चजातीय हिंदू हे आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे, असा युक्तिवाद केला. भारतातल्या मूळ रहिवाशांकडे उच्चजातीय हिंदू लग्नाच्या बाबतीत तसंच पाहतात जसं अमेरिकन लोक निग्रोंकडे पाहतात, असंही लिहून दिलं. कोर्टाने एकमताने फेटाळलं: सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला लागले.

आपण गोऱ्यांच्या पंगतीत पाट मागायला गेलो आणि हात धरून उठवलं, त्याला शंभर वर्षं झाली. पाट मागायची खोड अजून आहे.

टॅक्सभरू

शंभर वर्षांपूर्वीच्या एका वकिलाचं मी का ऐकून घेऊ?

आणि ही सगळी चर्चा शेवटी आरक्षणावर जाते. २०२३ मध्ये हार्वर्डच्या केसमध्ये कोर्टाने वंश बघून प्रवेश द्यायचे बंद केले ते बरंच झालं. आपल्या मुलांनी जास्त मार्क मिळवूनही मागे का राहायचं? तिकडून ज्याला कंटाळून आलो तेच इकडे. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

वऱ्हाडी_ठसका

टॅक्सभरूदादा, आरक्षणाला कंटाळून आलेले भेटतात मला इथे. मी आरक्षणाने आली. नागपूरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, मग नोकरी, मग ऑनसाइट. वडील पोस्टात होते. त्यांची नोकरी राखीव जागेवरचीच.

मंडळाच्या गणपतीत पहिल्या वर्षी विचारलं होतं, "आडनावावरून कळत नाही हो, नागपूरचे म्हणजे नक्की कोण?" मी सांगितलं. पुढच्या वर्षी मोदकांच्या टीममध्ये माझं नाव नव्हतं. खुर्च्या लावायच्या टीममध्ये होतं. कोणी काही वाईट बोललं नाही. सगळे फार गोड. म्हणूनच सांगते, हा विषय मला समजावून घ्यावाच नाही लागला. आमच्या ऑफिसात गोरी मॅनेजर म्हणते, मला रंग दिसतच नाही. तेव्हा मला मंडळातल्या काकू आठवतात, "आम्ही जात पाळत नाही बाई." ज्याला मोजावं लागत नाही त्याला दिसत नाही, त्याचा काही डोळ्याचा दोष नाही. पण माझ्या बापाच्या पिढीत विहीर कोणाची होती हे ज्याला माहीत नाही, तो मार्कांचं बोलतो तेव्हा मला हसू येतं.

सिएटलने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली. तेव्हा त्याच्या विरोधात सह्या गोळा करणारे मेल मला आपल्याच लोकांकडून आले. त्यात "हिंदूंना बदनाम केलं जातंय" होतं, आणि गोरे लोक नेमकं तेच म्हणतात: आम्हाला बदनाम केलं जातंय. वाक्यंसुद्धा तीच.

जुनी_पोथी

+१. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल…

तिरकस_तात्या

आली! फुल्यांची अर्पणपत्रिका आली! असा कुठलाही धागा तिच्याशिवाय पुरा होत नाही. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

जुनी_पोथी

तात्या, वाक्य पूर्ण करू द्या. लोक अर्पणपत्रिकेपाशी थांबतात. पुढचं असं की १८७७ मध्ये, म्हणजे चारच वर्षांनी, दक्षिणेतून केंद्र सरकारचं सैन्य मागे घेतलं आणि मुक्त झालेल्यांना वाऱ्यावर सोडलं. मतदान गेलं, जमीन कधी मिळालीच नव्हती. जोतिरावांनी ज्यांचा आदर्श घ्या म्हणून सांगितलं, त्यांनी काम अर्धवट टाकलं. कायदा करून हात झटकले की काय होतं, ते पाहायला हा काळ वाचावा. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियात आले तेव्हा हे सगळं जोरात होतं, आणि काळ्या लोकांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकनांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव इथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे सांगायला नको.

व्यवस्थापक

आरक्षणावर वेगळे धागे भरपूर आहेत. तिकडचं भांडण इथे आणू नये. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

रारिटनकाठचा

वऱ्हाडीताई, लिहिलंत त्याबद्दल आभार. मोदकांच्या टीमचं वाचून गप्प झालो.

मूळ मुद्द्यावर येतो, कारण आमच्या गावात जे चाललंय त्याला न्यू जर्सीत पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतो.

दक्षिण जर्सीत बर्लिंग्टन काउंटीत माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे काळी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत होती. शेतमजुरी, जुनी पडकी घरं. साठच्या दशकात उपनगरं पसरत आली, किमती चढल्या, पडकी घरं गाव पाडायला लागलं. लोकांनी छत्तीस साध्या घरांची योजना मांडली. १९७० मध्ये एका चर्चमध्ये बैठक झाली, त्यात मेयर म्हणाले की तुम्हा लोकांना आमच्या गावात राहणं परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावं लागेल. ऐकणाऱ्यांत एथेल लॉरेन्स होत्या, लहान मुलांना शिकवायच्या. त्यांच्या घराण्याची मुळं त्या भागात कैक पिढ्यांची. त्या आणि नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल कोर्टात गेले. १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: झोनिंगच्या आडून गरिबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही, प्रत्येक वाढत्या गावाने आपला वाटा उचललाच पाहिजे. गावांनी टाळाटाळ केली. १९८३ मध्ये कोर्टाने पुन्हा, जास्त कडक भाषेत सांगितलं. एथेलबाई १९९४ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाची १४० घरं उभी राहिली ती त्यानंतर काही वर्षांनी. गावांचे वाटे ठरवण्याच्या आजच्या फेरीचा कायदा २०२४ मधला, २०३५ पर्यंतचा वाटा त्यात ठरतोय.

इथे कोर्टाने "तुमच्यापैकी वर्णद्वेषी कोण?" असं कुणालाच विचारलं नाही. मोठाले प्लॉट सक्तीचे करणाऱ्या नियमात कातडीचा उल्लेखही नसतो. अर्धा एकर, एक एकर, बस. गाळणी आपोआप लागते. आज त्या नियमाच्या बाजूने हात वर करणारा देशी असो की आयरिश, गाळणी तीच.

आणि "किमती पडतील, गुन्हे वाढतील" याचं उत्तरही आहे. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी एथेल लॉरेन्स होम्सचा अभ्यास केला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजूबाजूच्या घरांच्या किमती, गुन्हे, कर: कशावरही वाईट परिणाम दिसला नाही.

टॅक्सभरू

हेमाशेपो म्हटलं होतं, पण राहवत नाही. अभ्यास वाचेन. पण जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स आताच सरासरी दहा हजार डॉलरच्या घरात आहे. नवी मुलं आली की शाळेचा खर्च कोण देणार? बिल्डर पैसे घेऊन निघून जातो. आणि नेवार्कच्या शाळांना राज्य भरभरून देतंच की, अ‍ॅबट निकालापासून (गरीब शहरांतल्या शाळांना पुरेसा पैसा द्या, असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं तो). तिथे मुलांचे निकाल का सुधारत नाहीत?

रारिटनकाठचा

बिल्डरचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पाच बाजारभावाच्या घरांमागे एखादं परवडणारं, असा मामला असतो आणि मलई कोण खातो ते उघड आहे. यावर मीटिंगमध्ये बोला, मी टाळ्या वाजवीन.

नेवार्कचं: राज्याचा पैसा खरोखर वाढला तो १९९० च्या निकालानंतर, नंतरच्या निकालांनी आणखी. पण त्याआधीची पन्नास वर्षं? १९३० च्या दशकातल्या त्या नकाशात नेवार्कच्या एकाही वस्तीला हिरवा रंग मिळाला नव्हता. आणि नुसता पैसा ओतून, बाकी सगळं वेगळंच ठेवून, किती होणार? राज्यातल्या शाळा वंशानुसार विभागलेल्या आहेत म्हणून २०१८ पासून कोर्टात दावा चालू आहे.

ओसरी

रोमात (नुसती वाचत) होते, पहिल्यांदाच लिहितेय. 'त्या लोकांचं' उत्पन्न किती असावं लागतं?

रारिटनकाठचा

प्रदेशाच्या मध्यम उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. त्याखाली पन्नास आणि तीस टक्क्यांचे गट वेगळे. मध्य जर्सीत चार माणसांच्या कुटुंबाला वरची मर्यादा एक लाख डॉलरच्या पुढे जाते.

ओसरी

म्हणजे आम्हीच की. नवऱ्याचा लेऑफ झाला, आता कमी पगारावर लागलाय. मी डेकेअरमध्ये आहे. दोन मुलं. भाडं दरवर्षी वाढतं आणि शाळा बदलायची नाही म्हणून इथेच रेटतोय. आमच्या ग्रुपवर त्या अपार्टमेंट्सच्या विरोधाची याचिका आली होती, मीही अंगठा टाकला होता त्यावर. अर्ज कुठे करायचा?

टॅक्सभरू

ताई, दुसऱ्या पगाराचे कागद नीट ठेवा. हे लोक पे-स्टब फार बघतात.

रारिटनकाठचा

प्रत्येक गावाने या घरांसाठी एक प्रशासकीय एजंट नेमलेला असतो, टाउनशिपच्या संकेतस्थळावर नाव मिळेल. राज्याच्या हाउसिंग रिसोर्स सेंटरवर गावागावांतली यादी असते, तिथेही शोधा. आधी प्राथमिक अर्ज, मग चिठ्ठ्या टाकून क्रम लावतात, नंबर लागला की टॅक्स रिटर्न, पे-स्टब, बँकेचे कागद मागतात. विकत घ्यायचं असेल तर पुढे विकताना किमतीवर मर्यादा असते, ते वाचून घ्या. आणि एकाच गावावर अडून राहू नका, शेजारच्या दोन-तीन गावांत एकदमच नाव घाला. भाड्याच्या याद्या लवकर बंद होतात.